बॉर्डर कॉली घोड्यामागे का लागतो? सोडून दिला तर आपोआप शिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरीच्या बाजूला शेत, १० महिन्यांचा बॉर्डर कॉली (मेंढ्या वळवण्यासाठी घडवलेली कुत्र्याची जात), दोन घोडे, गाई-म्हशी, शेळ्या. घोडा दिसला की कुत्रा दबा धरतो आणि मागे धावतो, म्हशींकडे मात्र फारसा जात नाही. हा खेळ आहे का, आणि जनावरांत सोडला तर शिकेल का?

खेळ नाही, आणि सोडून शिकणारही नाही. ‘एक दुगाणी बसली की शहाणा होतो’ हा सल्ला आपल्याकडे कुणीही देतं, आणि मला त्याची मनापासून चीड आहे.

शिकारीची एक साखळी असते: टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं. कॉलीत पहिले तीन टप्पे पिढ्यानपिढ्या निवडून तीव्र केले आहेत, शेवटचे दोन दाबले आहेत. दाबलेत, पुसलेले नाहीत. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग मागून टाचेला चावतो आणि त्याच क्षणी जमिनीला चिकटतो, म्हणून गाईची लाथ वरून जाते. जर्मन शेफर्ड पिकाच्या कडेने येरझाऱ्या घालत कळपाला चराईच्या हद्दीत ठेवायला घडवला गेला. कॉली तोंडाशी जाऊन जनावर वळवतो. त्यामुळे एकाच घोड्यासमोर हे तिघे तीन तऱ्हांनी वागतात.

आता समोरचं जनावर. मेंढी घाबरली की एकमेकींना चिकटते, म्हणून ती वळवता येते. शेळी फुटते, उंचावर चढते किंवा उलट फिरून डोकं रोखते. म्हैस जागची हलत नाही, शिंगं रोखून बघत राहते. तुमचा कुत्रा म्हशींना सोडतो तो समजूतदारपणा नव्हे, म्हैस पळत नाही म्हणून साखळी पुढे सरकत नाही, एवढंच. उद्या पारडू उधळलं तर तोच कुत्रा त्याच्यामागे असेल. नुकती व्यालेली गाय मात्र थेट अंगावर येते, तिच्या गोठ्यात कुत्रा न्यायचाच नाही.

घोड्याचं गणित सगळ्यांत वाईट. त्याला सभोवार जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, आंधळा भाग शेपटीमागे आणि कपाळासमोर. नेमकं याच दोन ठिकाणी कुत्र्याला जायचं असतं. गाईची लाथ पुढे येऊन बाजूला फिरते, घोड्याची सरळ मागे जाते आणि फार अचूक बसते. तोंडाशी गेला तर पुढच्या टापा आहेतच. शिवाय घोडा वळत नाही, पळतो. पळणारं जनावर हेच कॉलीचं सर्वांत मोठं बक्षीस, त्यामुळे एकेका पाठलागाने सवय पक्की होत जाते.

निफाड तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका बागाईतदारांकडे हे सगळं बघायला मिळालं. त्यांच्याकडे एक शांत घोडी आणि तरुण कॉली. त्यांचं म्हणणं तेच, घोडीच शिकवेल. तिने शिकवलं: दुगाणी जबड्यावर बसली, हाड मोडलं, तार घालावी लागली, कित्येक दिवस पातळ पेज. बरा झाल्यावर कुत्रा पुन्हा घोडीकडे गेला, फक्त आता भुंकत नव्हता. आधी समोरून दबा धरून यायचा, आता गुपचूप तिरका येऊन मागच्या पायाच्या सांध्याला चावून बाजूला व्हायचा. म्हणजे लाथेतून तो जागा चुकवायला शिकला. एवढ्या पेटलेल्या अवस्थेत वेदना कुत्र्याला थांबवत नाही, उलट आणखी चढवते. घोडीचं नुकसान वेगळंच झालं. ती कुठल्याही कुत्र्याला बुजायला लागली, आणि एकदा रस्त्यावरचा कुत्रा बांधावरून गेला तेवढ्यावर उधळून द्राक्षबागेच्या तारेत शिरली. छाती फाटली. आपल्याकडे शेताला काटेरी तार नाहीतर बागेचे अँगल आणि तारा असतातच, त्यामुळे पळालेला घोडा मोकळ्या माळावर जाऊन थांबेल हे गृहीत धरू नका. त्या गृहस्थांशी माझा वाद आजही मिटलेला नाही.

करायचं काय, तर अंतरापासून सुरुवात. घोडा दिसतोय आणि तरी कुत्रा हातातला खाऊ घेतोय, असं अंतर शोधा, साधारण १०० ते १५० फूट. खाऊ नाकारला म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. ३० फुटांची दोरी, तीही छातीच्या पट्ट्याला. गळपट्ट्याला लांब दोरी लावली की झटक्यात मान दुखावते. घोडा शांत आणि वयस्क निवडा, कुंपणापलीकडे, मोरकीला (तोंडाच्या दोरीला) माणसाने धरलेला. बांधलेला घोडा कधीही नको. पळता येत नाही कळलं की तो दावं तोडेपर्यंत मागे ओढतो. त्याच्याकडे सरळ चालत जायचं नाही, समांतर किंवा वळसा घेऊन जायचं, म्हणजे त्यालाही कुत्रा सतत दिसत राहतो.

कुत्र्याचं तोंड बघा. उघडं, जीभ बाहेर असेल तर ठीक. तोंड मिटलं की ती पहिली खूण, मग डोकं खांद्याखाली येतं, शेपटी खाली जाते, पुढचा एक पाय उचलला जातो. पाय उचलेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तोंड मिटताच नाव घेऊन वळवा, पाठ फिरवून दहा पावलं चाला, तिथे खाऊ द्या. पाच-सात मिनिटं पुरेत. घोड्याचे कान मागे पडले, शेपटी झटकायला लागली, पुठ्ठा (मागचा भाग) तुमच्याकडे वळला की त्या दिवसाचं काम बंद. अंतर कमी करायचं ते दोघंही कंटाळल्यासारखे दिसल्यावरच. ‘थांब’ म्हटल्यावर जनावर नसताना लांबूनही बसत नसेल, तर जनावरासमोर बसणार नाही. आधी ते पक्कं करा. चेंडू फेकून दमवायचा सल्लाही मिळेल. चेंडू म्हणजे पुन्हा पाठलागच.

सिन्नर, येवल्याच्या धनगरांचे कुत्रे बघून ‘त्यांना कोण शिकवतं?’ असं विचारणारे असतात. त्या कुत्र्याचं काम वेगळं आहे. कळप माणूस वळवतो, काठीने आणि हाळीने. कुत्रा रात्री वाघरीबाहेर, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीबाहेर, बसून लांडगा-बिबट्याची चाहूल घेतो. पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांत आणि बिऱ्हाड वाहणाऱ्या घोडीच्या पायांत वाढतं. कुत्र्याचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले सोबती जन्मभर आपले वाटतात. तुमच्या कुत्र्याचं ते वय गेलं आहे, त्यामुळे ती निवांत ओळख आता पूर्णपणे मिळणार नाही, ताबा मिळेल.

हे सगळं अजून न चावलेल्या तरुण कुत्र्यासाठी. वासरू किंवा करडू एकदा धरलं असेल तर दोरी कायमची समजा. गाभण मेंढ्या-शेळ्यांजवळ सराव करू नका. नुसत्या पळवण्यानेही त्या गाभडतात (गर्भ टाकतात), आणि मेंढ्या कोपऱ्यात एकमेकींवर पडून गुदमरतात, दात न लागता. एप्रिल-मे मध्ये सराव ऊन चढायच्या आत उरका. आणि घोड्याला आयव्हरमेक्टिनची जंताची पेस्ट दिली की सांडलेली लगेच पुसा, पुढचे काही दिवस कुत्र्याला लिदीला तोंड लावू देऊ नका. कॉली कुळातल्या बऱ्याच कुत्र्यांत, बॉर्डर कॉलीत कमी पण काहींत, असा जनुकीय दोष असतो की हे औषध थेट मेंदूत जातं. तोल जाणं, लाळ गळणं, डोळ्यांची बाहुली मोठी होणं दिसलं तर वाट न बघता डॉक्टर गाठा.