बंद घराला चोरापेक्षा पाणी जास्त नडतं

दोन वर्षांसाठी परदेशी निघालाय, घर भाड्याने द्यायचं नाही, मग कॅमेरा कोणता लावू, असं विचारलंत. कोणताही लावा. बंद घराची खरी नासाडी पाणी करतं, आणि ते कॅमेऱ्यात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

निघताना आधी गीझरची वीज बंद, मग घरात येणाऱ्या पाण्याचा मेन कॉक. हा क्रम उलटा नको. रिकाम्या गीझरला वीज मिळाली की कॉइल जळते. मग सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा, फ्लशची टाकीही. वॉशिंग मशीनचा कॉक वेगळा बंद करा, कारण सतत दाबाखाली राहिलेली रबरी नळी कधीतरी फुटतेच. थंडी गोठणबिंदूखाली जाणाऱ्या ठिकाणी तर पाइपात थेंब ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि फुटलेला पाइप कळतो तो बर्फ वितळल्यावर.

न्हाणीच्या जाळीखाली आणि बेसिनच्या वाकड्या नळीत पाच-सात सेंटिमीटर पाणी कायम साचलेलं असतं. या वाकणाला ट्रॅप म्हणतात. गटाराचा वास आणि झुरळं त्यातलं पाणीच अडवतं. वापर थांबला की काही आठवड्यांत ते आटतं. प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन-तीन चमचे खनिज तेल (लिक्विड पॅराफिन) सोडा, म्हणजे आटणं लांबतं. स्वयंपाकाचं तेल खवट होतं, ते नको.

कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दारं किलकिली ठेवा, गाद्या उभ्या करा. फ्रिज कोरडा पुसून दारात टॉवेलची गुंडाळी अडकवा. दार लावून गेलात तर आतला कुबट वास पुन्हा जात नाही. इन्व्हर्टरची बॅटरी सरळ विकून टाका. पडून राहिली की उतरते, प्लेटांवर सल्फेट चढतं आणि चार्ज धरत नाही.

विम्याची अट वाचा. अनेक पॉलिसींत घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की भरपाई आखडते. लेखी कळवा, उत्तरही लेखीच घ्या.

भाड्याने का नको, ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुधा घर मागे ठेवून गेलेल्या आम्हा सगळ्यांचंच कारण तुमचंही असेल: घर जसंच्या तसं राहिलं की परतायची वाट उघडी वाटते. मला हे कारण अजून खोडता आलेलं नाही. पण मग महिन्यातून एकदा तिथे कुणीतरी जायलाच हवं.

नुसतं 'लक्ष ठेवा' म्हणून किल्ली देऊ नका, माणूस बाहेरून कुलूप बघून परततो. कागद लिहून द्या: खिडक्या तासभर उघडायच्या, ट्रॅपमध्ये पाणी ओतायचं, छताचे कोपरे बघायचे, गच्चीवरचं पाणी जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेली पानं काढायची, चौकटींवर वाळवीची मातीची रेघ शोधायची, पाण्याच्या मीटरचा फोटो पाठवायचा. सगळं बंद असून आकडा हलला तर मीटर आणि कॉक यांच्यामध्ये गळती आहे, नाहीतर कॉकच नीट बंद होत नाही. मुखत्यारपत्र बिलं, दुरुस्ती आणि तक्रारी एवढ्यापुरतंच करा. विक्रीचा अधिकार त्यात नको, नातं कितीही जवळचं असो. आणि या कामाचे पैसे द्या, घेत नसतील तरी. उपकारावर चाललेली फेरी पुढे ढकलली जाते, आणि इतक्या लांबून रागवायचीही सोय राहत नाही.