सोसायटी दुसरं नेट येऊ देत नाही, कंपनी पैसे परत करत नाही

प्रश्न : भांडुप पूर्वेला सोसायटीत राहते. घरूनच नववी-दहावीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते. पाच महिन्यांपूर्वी वर्षाचे 9,600 रुपये अधिक जीएसटी एकरकमी भरून 100 एमबीपीएसचा घरगुती प्लॅन घेतला. सकाळी नेट बरं चालतं, पण संध्याकाळी सात ते दहा स्पीड आठ-दहाच्या वर जात नाही. लाइनमन येतो, राऊटर बंद-चालू करतो आणि जातो. कनेक्शन बंद करायचं म्हटलं, तर वार्षिक प्लॅनचे पैसे परत मिळत नाहीत, उलट राऊटरचे 2,500 रुपये भरा, असं सांगतात. दुसऱ्या कंपनीची माणसं वायर टाकायला आली, तर सेक्रेटरींनी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. सोसायटीचा एकाच केबलवाल्याशी करार आहे म्हणे. पैसे बुडाले असं समजू का?

उत्तर : ताई, असं अजिबात समजू नका. तुमचं एक भांडण कंपनीशी आहे आणि दुसरं सोसायटीशी. दोन्हींचे कायदे वेगळे, दाद मागण्याची ठिकाणंही वेगळी. त्यांची सरमिसळ केली की कंपनी सोसायटीकडे बोट दाखवते आणि सोसायटी कंपनीकडे.

आधी एक विनंती. वैतागून राऊटर काढून माळ्यावर टाकू नका. लेखी बंद न केलेलं कनेक्शन कंपनीच्या दप्तरी चालूच राहतं. मग वर्षाअखेरीस नूतनीकरणाचं बिल निघतं आणि वसुलीचे फोन सुरू होतात. माझ्याकडे असे लोक येतात, ज्यांची मूळ तक्रार शंभर टक्के खरी असते, पण हातात एक कागद नसतो. तुमच्या बाबतीत ते व्हायला नको.

आता पुराव्याकडे वळू. तुम्ही लिहिलेला 'आठ-दहा' हा आकडा कुठे पाहिलात, ते तपासा. स्पीड टेस्टमधला आकडा एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट यात असतो, फाइल डाउनलोड होताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे डाउनलोडच्या खिडकीत 12 दिसत असेल, तर ते 100 एमबीपीएसच झालं आणि तक्रारीला जागा उरत नाही. स्पीड टेस्टमध्येच आठ-दहा येत असेल, तर मात्र तुमची बाजू भक्कम आहे.

कंपनीचा पहिला बचाव ठरलेला असतो : दोष तुमच्या वायफायचा, मधल्या भिंतींचा, जुन्या मोबाइलचा. म्हणून लॅपटॉप थेट राऊटरला केबलने जोडा, घरातली बाकीची उपकरणं नेटवरून काढा आणि रोज सकाळी एकदा, रात्री आठच्या सुमारास एकदा टेस्ट घ्या. दहा-बारा दिवस पुरेत. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. फक्त कंपनीच्या स्वतःच्या टेस्टवर विसंबू नका, दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरही मोजा. सकाळ आणि रात्र यांतला फरक हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. सकाळी नव्वद येत असेल तर वायर ठीक आहे, राऊटरही ठीक आहे. संध्याकाळी कोसळतं याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की त्या भागातल्या नोडवर, म्हणजे जिथून घरोघरी वायरी जातात त्या जोडणीवर, घरं जास्त जोडली आहेत आणि मागून येणारी क्षमता तेवढी नाही. लाइनमनने राऊटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी त्यात फरक पडणार नाही, आणि याचा दोष त्या बिचाऱ्यालाही देऊ नका.

वापराची मर्यादा संपल्यामुळे स्पीड उतरला, असाही खुलासा येईल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2016 मध्ये कंपन्यांना निर्देश दिले आहेत, की मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर स्पीड किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, आणि मर्यादेजवळ जाताना सूचनाही द्यायची. तुमच्याकडे अशी सूचना आलेली नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीड पुन्हा वर जात असेल, तर हा खुलासा टिकत नाही. राहिली कागदावरची '100 एमबीपीएसपर्यंत' ही अट. कधी ऐंशी मिळालं, कधी सत्तर, तर कंपनी तिच्या आधाराने सुटेल. पण रोज संध्याकाळी, महिनोन्‌महिने, विकलेल्या स्पीडचा दहावा हिस्सा मिळत असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवेतली त्रुटी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रार लाइनमनच्या व्हॉट्सॲपवर नको. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक, ज्याला ते डॉकेट नंबर म्हणतात, तो मागून घ्या. 2012 च्या ट्रायच्या तक्रार निवारण विनियमांनुसार हा क्रमांक देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागितला, तर स्पीड सुधारल्याशिवाय देऊ नका. उत्तर समाधानकारक नसेल, तर त्याच विनियमांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार चालवत नाही, तेव्हा तिथे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ कंपन्या तिथून विचारणा गेली की जाग्या होतात.

त्यासोबत ईमेल पाठवा. मजकूर साधा असू द्या : 'माझा ग्राहक क्रमांक अमुक. 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर अमुक तारखांना संध्याकाळी मिळालेला स्पीड सोबत जोडला आहे. तक्रार क्रमांक अमुक. सात दिवसांत स्पीड पूर्ववत न झाल्यास हे पत्र कनेक्शन बंद करण्याची सूचना समजावी, उरलेल्या मुदतीची रक्कम जीएसटीसह परत करावी आणि राऊटर पोच देऊन घेऊन जावा.' बिलावर कोणाचं नाव आहे तेही नीट पाहा. मुंबईत परवाना एका कंपनीचा, इमारतीतली वायर स्थानिक केबलवाल्याची आणि पावती तिसऱ्याच नावाची, असं सर्रास असतं. बिल देणारा आणि परवानाधारक कंपनी, दोघांनाही पत्र जाऊ द्या.

रकमेबाबत वास्तववादी राहा. महिन्याला 800 रुपये धरले, तर उरलेल्या सात महिन्यांचे 5,600 आणि 18 टक्के जीएसटी मिळून 6,608 रुपये होतात. कंपनी म्हणेल, वार्षिक सवलत गेली, म्हणून वापरलेले पाच महिने मासिक दराने मोजू. मासिक दर 1,000 असेल, तर 4,600 अधिक जीएसटी, म्हणजे 5,428 रुपये उरतात. दोन हिशेबांत 1,180 रुपयांचा फरक आहे. माझा सल्ला विचाराल तर, ही दुसरी रक्कम लगेच खात्यात जमा होत असेल तर घ्या आणि मोकळ्या व्हा. एक रुपयाही देणार नाही म्हणाले, तर मात्र सोडू नका.

राऊटरचं उत्तर तुमच्या कनेक्शनच्या फॉर्ममध्ये आहे. तो कंपनीच्या मालकीचा असेल, तर तुम्ही वस्तू परत करायची, किंमत भरायची नाही. परत देताना सिरियल नंबरचा फोटो काढा आणि सहीची पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. बँकेत किंवा यूपीआयवर ऑटो-पे चालू असेल, तर तो आजच रद्द करा. कंपनीच्या परवानगीची त्यासाठी गरज नसते.

आता सोसायटी. हा भाग मला जास्त खटकतो, कारण सगळ्या घरांनी कोणतं नेट वापरायचं हे एका सेक्रेटरींनी गेटवर उभं राहून ठरवावं, हे सहकाराच्या मूळ कल्पनेलाच धरून नाही. जिना, डक्ट, गच्ची ही सामाईक जागा आहे. तिथे वायर कशी टाकायची, भिंत कुठे फोडायची नाही, अनामत किती, या अटी घालण्याचा कमिटीला अधिकार आहे. पण एका केबलवाल्याकडून भाडं मिळतं म्हणून बाकी सगळ्यांना कायमची बंदी, हा निर्णय असा तोंडी होऊ शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 72 प्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे.

म्हणून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात तीन गोष्टी मागा : केबलवाल्याशी झालेल्या कराराची नकल, तो मंजूर करणाऱ्या ठरावाची नकल, आणि तुम्हाला नकार देण्याचं लेखी कारण. करारात एकाधिकाराचं कलमच नाही, असं बऱ्याचदा निघतं. भाडं येत असेल तर ते हिशेबात दिसलं पाहिजे. शेजाऱ्यांना विचारा. संध्याकाळी नेट रखडतं ते फक्त तुमचंच नसणार. आठ-दहा सभासदांच्या सह्यांनी हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला सांगा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. नकला दिल्या नाहीत किंवा अर्ज दाबून ठेवला, तर सहकार खात्याच्या तुमच्या भागातल्या, म्हणजे एस विभागाच्या, उपनिबंधकांकडे तक्रार करा. सहकार न्यायालयाचा रस्ता आहे, पण एवढ्यासाठी मी तुम्हाला तिथे लगेच पाठवणार नाही. शेजाऱ्यांशी वैर वाढतं आणि तोवर मुलांची परीक्षा येऊन जाते.

2023 च्या दूरसंचार कायद्यात खासगी मिळकतीतून वायर नेण्यासाठी मालकाकडे अर्ज करण्याची तरतूद आहे आणि ती जून 2024 पासून लागू आहे. तो अर्ज मात्र नव्या कंपनीने करायचा असतो. गेटवरून परतलेल्या त्यांच्या माणसाला सांगा, की कंपनीच्या लेटरहेडवर सोसायटीला पत्र द्या. तोंडी नकार देणं सोपं असतं, पत्राला उत्तर द्यावं लागतं. तोवर शिकवणी थांबू नये म्हणून 5जीवर चालणारं घरगुती कनेक्शन महिन्याच्या बोलीवर घेऊन पाहा. त्याला जिन्यातून वायर लागत नाही. फक्त यंत्र तुमच्याच खिडकीशी बसवून घ्या आणि संध्याकाळी स्पीड मोजल्याशिवाय वर्षाचे पैसे भरू नका.

कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार सेवेच्या तक्रारी आयोगात चालत नाहीत, असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या निकालात तो मुद्दा निकाली काढला. 2019 च्या कायद्यात तर 'सेवा' या व्याख्येतच दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. जिथे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग, वांद्रे पूर्व. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते, वकील सक्तीचा नाही, आणि एवढ्या रकमेला फी शून्य आहे. मुदत दोन वर्षांची. शिकवणी घेता म्हणून तुम्ही व्यावसायिक ग्राहक आहात, असा आक्षेप येईल. घरगुती कनेक्शन आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः केलेलं काम, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. लपवू मात्र नका. भर सेवेतल्या त्रुटीवर ठेवा. करारच अन्यायकारक आहे, अशी मागणी केलीत तर प्रकरण राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातं आणि उगाच लांबतं. स्क्रीनशॉट जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत द्या.

शेवटी, एखादे दिवशी 'लोकअदालतीची नोटीस' आली तर घाबरू नका. थकबाकीदारांना अशा दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच्या, नोटिसा जातात. तो वॉरंट नाही. लोकअदालत दोघांच्या संमतीशिवाय निवाडा देऊ शकत नाही. शक्य असेल तर त्या तारखेला जाच, बंद करण्याचा ईमेल आणि राऊटरची पोच दाखवा आणि देणं मान्य नाही असं लिहून द्या.