वाचकांचे प्रश्न : शिंजिरांसाठी चैत्रातील लागवड

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियात राहते. तिच्या अंगणात हमिंगबर्ड येतात आणि त्यांच्यासाठी ती दर वसंतात फुलझाडे व भाज्या लावते. तिने मला त्या झाडांची यादी पाठवली आहे. चैत्रात ती नाशिकला लावली, तर आपल्याकडेही ते पक्षी येतील का? (एक वाचिका, गंगापूर रोड)

उत्तर : हमिंगबर्ड येणार नाहीत. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, परंतु अमेरिका खंडांबाहेर त्यांपैकी एकही आढळत नाही. फुलांतील मध पिण्याचे त्यांचे काम आपल्याकडे प्रामुख्याने शिंजीर करतात. नाशिकच्या बागांमध्ये त्यांच्या दोन जाती सहज दिसतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात उन्हात निळा-जांभळा चमकतो आणि सावलीत काळा भासतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचे पोट पिवळे असते. दोन्ही जातींचे पक्षी जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचे असतात.

भाचीची यादी जशीच्या तशी न उतरवण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण पक्ष्याच्या सवयीचे आहे. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो. शिंजीर क्षणभर तसे करू शकतो, पण त्याला बसून पिणेच मानवते. त्यामुळे त्याच्यासाठी लावायच्या झाडाला फुलांच्या घोसालगत पाय रोवता येईल अशी काटक फांदी असावी लागते. दुसरे कारण हवामानाचे आहे. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत वसंतातील लागवड शेवटचे हिमतुषार टळल्यानंतर सुरू होते आणि पुढचे काही आठवडे रोपांना सौम्य ऊन मिळते. आपल्याकडे होळीनंतर ऊन चढत जाते, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास पोहोचतो आणि नुकतेच लावलेले झुडूप मूळ धरण्याआधीच होरपळते. यादीत लाल फुलांचा वेलघेवडा असेल, तर तो या दिवसांत लावूच नये, कारण कडक उन्हात त्याची फुले शेंग न धरता गळतात. हौस असल्यास दिवाळीच्या सुमारास प्रयोग करून पाहावा.

म्हणून मी काम दोन भागांत वाटण्यास सुचवीन. वेलभाज्यांचे बी गुढीपाडव्यापर्यंत पेरून घ्यावे. झुडपांसाठी मात्र चैत्रात केवळ खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत, आपल्या भारी काळ्या मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळून ठेवावे आणि मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर रोपे लावावीत. तोवर शिंजिरांची उपासमार होईल, अशी काळजी करू नये. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगरांवर धायटीच्या लाल नळीदार फुलांचे घोस असतात. आपल्या बागेची खरी गरज हा बहर ओसरल्यावर पडते, आणि म्हणून वर्षातील बहुतेक महिने फुलणारी झाडे निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अशा झाडांत मी हॅमेलियाला पहिला मान देईन. हे झुडूप मूळचे अमेरिकेतीलच असून तिकडे त्यावर हमिंगबर्ड येतात. इकडे त्याच नारिंगी नळ्यांवर शिंजीर येतात. त्याच्या जोडीला साधी, एकेरी पाकळ्यांची जास्वंद लावावी. दुहेरी जास्वंद दिसायला भरगच्च असली, तरी पाकळ्यांच्या गर्दीतून चोच आत घालणे पक्ष्याला जड जाते. अडुळसाही कुंपणाला उत्तम. घाणेरीवर शिंजीर येतात हे खरे, परंतु या परदेशी झुडपाने आपली माळराने व जंगले इतकी व्यापली आहेत की, ते मुद्दाम लावावे असे मी कोणालाही सांगणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे जमीन नाही, चौथ्या मजल्यावरील पश्चिमेची गॅलरी आहे. (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : शिंजीर चौथ्या मजल्यापर्यंत सहज येतात. दुपारनंतरचे ऊन ही तुमची मुख्य अडचण आहे. निदान चौदा इंची कुंडीत हॅमेलिया किंवा जास्वंद लावावी आणि कठड्यावरून खाली झुकेल अशी रसेलिया टांगत्या कुंडीत ठेवावी. कुंड्यांतील मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावेत. रासायनिक कीटकनाशक टाळावे, कारण शिंजीर पिलांना मुख्यतः किडे आणि कोळी भरवतात.

प्रश्न : परसातील भाज्यांपैकी कोणत्या भाज्यांवर हे पक्षी येतात? (एक वाचिका, म्हसरूळ)

उत्तर : उन्हाळी वेलभाज्यांच्या फुलांवर त्यांचा फारसा डोळा नसतो. भोपळा, कारली आणि घोसाळी यांची फुले सकाळी उमलतात व त्यांवर मधमाश्या काम करतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, तेव्हा पतंगांची पाळी असते. तरीही मांडव घालावाच, कारण वेलींवरील किडे-कोळी टिपण्यासाठी शिंजीर तेथे फिरतात.

फुलांतील मधासाठी ते शेवगा, केळ आणि हादगा यांच्याकडे वळतात. केळफुलाचे पान उचलले गेले की आतील फुलांच्या रांगेवर शिंजीर लगेच हजर होतो. हादग्याची मोठी फुले तर जणू पक्ष्यांसाठीच घडलेली आहेत, आणि त्या फुलांची भाजी आपल्या घरांतही होते. काही फुले झाडावर राहू द्यावीत, एवढीच विनंती. शेवगा बियांपासून लावायचा असल्यास पीकेएम-१ ही जात घ्यावी, कारण ती पहिल्याच वर्षी फुलते. रोप सुमारे तीन फूट वाढल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे झाड हाताच्या टप्प्यात राहते.

प्रश्न : परदेशात टांगतात तशी साखरपाण्याची बाटली लावावी का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : लावू नये. तिकडे एक भाग साखर व चार भाग पाणी असे प्रमाण ठेवून बाटली वारंवार धुतली जाते. आपल्या उन्हात ते पाणी फार लवकर आंबते आणि मुंग्यांना आमंत्रण मिळते ते वेगळेच. त्याऐवजी दुपारी झाडांच्या पानांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करणे शिंजिरांना आवडते.

प्रश्न : संध्याकाळी सदाफुलीवर तरंगत मध पिणारा छोटा पक्षी मी स्वतः पाहिला आहे. तो हमिंगबर्ड नव्हता, तर काय होते? (एक विद्यार्थी, सातपूर)

उत्तर : तो बहुधा हॉक मॉथ नावाचा पतंग असावा. तो फुलासमोर हवेत स्थिर राहतो आणि लांब सोंडेने मध ओढतो. पुढच्या वेळी डोक्यावर मिशा दिसतात का, ते पाहावे. पक्ष्याला त्या नसतात.

प्रश्न : गॅलरीतील दिव्याच्या वायरीवर शिंजिराने घरटे बांधले आहे आणि आम्हाला याच महिन्यात रंगकाम करायचे आहे. घरटे अलगद दुसरीकडे टांगले तर चालेल का? (एक वाचिका, कॉलेज रोड)

उत्तर : चालणार नाही. गवत, सालीचे तुकडे व कोळ्याची जाळी वापरून मादीने विणलेली ती पिशवी जागा बदलल्यावर पालक सोडून देण्याची शक्यता मोठी असते. शिवाय पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना धक्का लावण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. शिंजीर सहसा दोन अंडी घालतो. ती उबायला सुमारे पंधरा दिवस लागतात आणि पिले उडण्यास आणखी जवळपास तितकेच. तेव्हा गॅलरी वगळून बाकी खोल्यांचे रंगकाम आधी उरकावे, त्या वायरीचा दिवा तेवढे दिवस लावू नये आणि पिले उडून गेल्यावर रंगाऱ्यास पुन्हा बोलवावे.