परवडतं हे दाखवायला कपडे घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की हँगरवरच्या जॅकेटला नुसता हात लावला तर सेल्सगर्ल म्हणाली, "ते महागातलं आहे, तुमच्या बजेटचं त्या बाजूला." मग साइज विचारली तर वरपासून खालपर्यंत बघून "तुमच्यात नाही येत", आणि या सगळ्याचा इतका संताप आला की खांद्यात घट्ट होत असूनही तेच जॅकेट तुम्ही घेऊन आलात आणि आता ते कपाटात बघून स्वतःचाच राग येतोय. चूक कोणाची आणि अशा वेळी करायचं काय, हा तुमचा प्रश्न.

चूक तिची, यात वादच नाही. पण जॅकेट घेतलंत ना, तिथे तिचं फावलं. मी बरीच वर्षं रेडिमेडच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला काढलीयेत, त्यामुळे सांगते, चिडून घेणारं गिऱ्हाईक दुकानाला चांगलं ठाऊक असतं. मुद्दाम कोणी चिडवतं असं नाही (क्वचित तेही बघितलंय), पण चिडलेला माणूस शिवण उलटून बघत नाही, ट्रायल रूममध्ये हात वर करून बघत नाही, बदलून मिळेल का विचारत नाही, सरळ कार्ड काढून पुढे करतो.

यावर रीतसर अभ्यासही झालाय. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरन डाल या दोघांचा, २०१४ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये आलेला. भारीतल्या ब्रँडच्या दुकानात तुसडेपणाने वागवलं की ज्यांना त्या ब्रँडची मनातून ओढ असते त्यांची घ्यायची इच्छा उलट वाढते, साध्या ब्रँडच्या बाबतीत असं होत नाही. आणि पुढचं ऐका, दोन आठवड्यांनी त्याच लोकांना विचारलं तर ती इच्छा पार उतरलेली. तुमच्या जॅकेटचं तेच झालंय, तेव्हा स्वतःला फार बोल लावू नका.

आता आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगते. गिऱ्हाईक दारातून आलं की नजर आधी चपलांकडे जाते, मग पर्सकडे, मग बरोबर कोण आहे त्याच्याकडे, चेहऱ्याचा नंबर शेवटी. तेवढ्यावरून हे 'घेणारं' की नुसतं 'बघणारं' हे ठरवून टाकतात. हा अंदाज सपशेल चुकतो हे प्रत्येक जुन्या सेल्समनला माहीत असतं, झिजलेल्या चपलांतल्या बाईने अख्ख्या घराचे कपडे घेतलेत आणि झकपक जोडप्याने सगळा स्टॉक खाली काढायला लावून एक रुमालसुद्धा घेतला नाही हे सगळ्यांनी बघितलेलं असतं, तरी अंदाज बांधणं सुटत नाही कारण डोक्यावर टार्गेट असतं आणि ज्याच्यावर वेळ घालवला त्याने नाही घेतलं तर इन्सेंटिव्ह बुडतो. त्यात घडीचं दुखणं वेगळंच. तुम्ही दहा शर्ट उघडून बघितलेत तर कॉलरखालचा पुठ्ठा, प्लास्टिकची क्लिप, टाचण्या, बाह्या मागे दुमडणं आणि मग ते सगळं परत त्या चिंचोळ्या पिशवीत सरकवणं, हे दहा वेळा तिनेच करायचं, तेही उभ्याने. दुकानातल्या बायकांना बसायला मिळावं म्हणून ब्रिटनमध्ये १८९९ साली कायदा करावा लागला होता, दर तीन बायकांमागे एक बसायची जागा! आणि केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी आंदोलन केलं तेव्हा कुठे २०१८ मध्ये बसायचा हक्क कायद्यात आला. पण पाय दुखतात म्हणून समोरच्याला घालूनपाडून बोलायची मुभा मिळते असं नाही, हे मी माझ्या हाताखालच्या मुलींनाही सांगायचे.

बरं, 'घ्यायचं नाही तर आलात कशाला' हा जो भाव असतो ना चेहऱ्यावर, तो फार जुना आहे. एकेकाळी आत पाऊल टाकलं की काहीतरी घेणं भागच असायचं. पॅरिसच्या बॉन मार्शे या दुकानात १८५२ पासून बुसिको नावाच्या माणसाने ठरलेल्या किमती, परत घ्यायची सोय आणि कोणीही या, नुसतं बघून जा, हे चालू केलं आणि लंडनला सेल्फ्रिज नावाच्या दुकानदाराने १९०९ मध्ये तेच मोठ्या थाटात केलं. त्यांनी काही समाजसेवा नाही केली, बघणारा आज ना उद्या घेतो हे त्यांना कळलं होतं.

साइजवरून बोलण्याला मात्र माझ्याकडे एकही कारण नाही, तो निव्वळ उर्मटपणा. आणि साइजच्या आकड्याला फार अर्थही नसतो. अमेरिकेत १९५८ मध्ये बायकांच्या मापांचं स्टँडर्ड काढलं होतं, कंपन्यांनी ते धाब्यावर बसवलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं, आता जो तो आपापल्या मनाने लेबल लावतो. एका ब्रँडचं मीडियम दुसऱ्याचं लार्ज. म्हणून "तुमच्यात येत नाही" असं कोणी म्हटलं तर "कोणत्या मापापर्यंत आहे?" एवढंच विचारा. मग उत्तर कपड्याबद्दल द्यावं लागतं, तुमच्याबद्दल नाही.

पुढच्या वेळी पहिलं वाक्य तुमचं असू द्या. नुसतं "बघतेय" म्हटलं की त्यांच्या लेखी तुम्ही बघणाऱ्यांत गेलात. त्यापेक्षा "ऑफिसला घालायला जॅकेट हवंय, गडद रंग, खांद्यात सैल, एवढ्या रकमेपर्यंत" असं सांगा. काही जणींना स्वतःहून रक्कम सांगणं कमीपणाचं वाटतं, मला उलट वाटतं, तुम्हीच आकडा सांगितला की तिला चपला बघून अंदाज बांधायला जागाच उरत नाही. खरंच नुसतं बघायचं असेल तर "आधी मी बघते, लागलं तर हाक मारते". मागे मागे फिरणाऱ्यांनाही हेच सांगा, पण ते दर वेळी संशयानेच फिरतात असं नाही, काही ठिकाणी हरवलेल्या मालाचे पैसे त्यांच्या पगारातून कापतात.

एवढं करूनही तिरकं बोलली तर "दुसरं कोणी दाखवेल का?" असं तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारायचं. भांडायचं नाही. ते मोबाइलवर व्हिडिओ काढून टाकणं तर मला अजिबात पटत नाही, त्या मुलीची नोकरी जाते आणि ज्याने तिला तसं वागायला शिकवलं किंवा वागू दिलं तो मॅनेजर खुर्चीतच राहतो. तक्रार त्याच्याकडे करा, लेखी करा, त्यात तारीख, वेळ, कोणतं काउंटर आणि ती जे वाक्य बोलली ते जसंच्या तसं. "स्टाफ फार वाईट आहे" असल्या तक्रारीचं कोणी काही करत नाही, पण "महागातलं आहे, तुमच्या बजेटचं त्या बाजूला" हे कागदावर आलं की मॅनेजरलाही वर उत्तर द्यावं लागतं.

आणि त्या जॅकेटचं टॅग अजून काढलं नसेल तर आजच बिलाची मागची बाजू वाचा, बदलून द्यायची मुदत बहुतेक तिथेच छापलेली असते. परतीचं काम सहसा बिलिंग काउंटरवर होतं, त्यामुळे त्या बाईशी तुमचा संबंधही यायचा नाही. कारण विचारलं तर "खांद्यात बसत नाही" एवढंच सांगा. पैसे परत देतात का आधी विचारा, नसतील देत तर क्रेडिट नोट घ्या, पण त्या दिवशी लगेच तिथून दुसरं काही उचलू नका.