लष्करी हद्दीत कीडनियंत्रणाचे काम घेताना कोणते नियम लागतात?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा की, देवळाली छावणीत वाळवी आणि डासांच्या बंदोबस्ताचे काम घेण्याचा तुमचा विचार आहे. तिथे नागरी कीटकनाशक कायदा लागू होतो की लष्कराचे नियम वेगळे असतात, आणि अमेरिकेच्या लष्करासारखे धोरण आपल्याकडे आहे का, हे तुम्हाला हवे आहे. मी कृषी पदवीधर असून नाशिक रोड, देवळाली आणि ओझर या पट्ट्यात बरीच वर्षे कीडनियंत्रणाची कामे केली आहेत. त्या अनुभवावरून एवढे नक्की सांगतो की फाटकाच्या आत गेल्यावर कायदा बदलत नाही, फक्त हिशेब कडक होतो.

मूळ कायदा म्हणजे कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम. या कायद्यातून कोणाला सूट आहे ते कलम ३८ सांगते. स्वतःच्या घरातला वापर, परसबाग आणि स्वतः कसत असलेली जमीन यांना ती सूट मिळते. शिवाय केंद्र सरकार अधिसूचना काढून शैक्षणिक किंवा संशोधन संस्थांना सूट देऊ शकते. लष्करी ठाण्यात काम करणाऱ्या कंत्राटदाराचा त्यात कुठेही उल्लेख नाही. म्हणजे कलम १३ खालचा व्यावसायिक कीडनियंत्रणाचा परवाना तुम्हाला लागणारच, आणि तो राज्याच्या कृषी विभागाकडून घ्यावा लागतो. औषधही केंद्रीय नोंदणी समितीने नोंदवलेले आणि त्याच किडीसाठी, त्याच जागेसाठी मान्य केलेलेच वापरता येते. द्राक्षावर चालते म्हणून बरॅकमध्ये चालेल, हा हिशेब आपल्याकडचे पुष्कळ लोक करतात आणि तो चुकीचा आहे.

छावणीत काम नेमके कोणाचे, हे आधी समजून घ्या, नाहीतर चुकीच्या कार्यालयात महिनाभर चकरा माराल. छावणीच्या नागरी वस्तीतली धुरळणी आणि गटारांतली औषधफवारणी कँटोन्मेंट बोर्डाच्या आरोग्य विभागाकडे असते. लष्करी इमारतींची वाळवी हा बांधकामाचा विषय म्हणून मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे, म्हणजे आपण ज्याला एमईएस म्हणतो तिच्याकडे जातो आणि त्याची निविदा निघते. डास, माश्या, उंदीर हे आजार पसरवणारे जीव असल्यामुळे ते लष्कराच्या वैद्यकीय यंत्रणेतल्या स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशनच्या देखरेखीखाली येतात. तुमच्या मनात वाळवी आणि डास ही एकत्र असली तरी कागदावर ती दोन वेगवेगळी खाती आहेत.

वाळवीच्या कामाला भारतीय मानक ६३१३ हाच आधार धरतात. नव्या बांधकामात पायाच्या खंदकाच्या तळाला आणि बाजूंना दर चौरस मीटरला ५ लिटर, तर जोत्याच्या भिंतीच्या उभ्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला ७.५ लिटर द्रावण लागते. क्लोरपायरिफॉस २० ईसी (पाण्यात मिसळणारे, वीस टक्के तीव्रतेचे वाळवीचे औषध) असेल तर एक लिटर औषधात एकोणीस लिटर पाणी, म्हणजे एक टक्का द्रावण. जुन्या इमारतीत भिंत आणि फरशी यांच्या सांध्यावर भोके पाडून द्रावण सोडतात. देवळालीतल्या इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांत खरा त्रास इथेच होतो, कारण लाकडी तुळया आणि जाड दगडी भिंती यांच्यामध्ये वाळवीचा रस्ता कुठून येतो ते सहज कळत नाही.

अशाच एका जुन्या कौलारू इमारतीतला माझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. आम्ही ड्रिल लावून सुरुवात करणार, तोच तिथले सुभेदार साहेब बॅटरी घेऊन आले आणि पंपाकडे न बघता थेट मोरीच्या मागच्या भिंतीकडे गेले. तिथला नळ ठिबकत होता, खालची माती काळी पडली होती आणि चौकटीवर वाळवीने बांधलेली मातीची नळी छातीपर्यंत चढली होती. ‘‘आधी प्लंबर, मग तुम्ही,’’ असे म्हणून त्यांनी आमचे काम चार दिवस पुढे ढकलले. काम झाल्यावर त्यांनी डब्यांचा हिशेब मागितला: किती आणले, किती फोडले, किती रिकामे आणि किती भरलेले परत चालले. माझ्या माणसाने एक रिकामा डबा पाणी प्यायला म्हणून गाडीत ठेवला होता, तो त्यांनी समोर फोडायला लावला. मला तेव्हा राग आला होता, पण १९७१ च्या नियमांतही रिकामी पाकिटे व डबे फोडून वस्तीपासून दूर पुरण्याची तरतूद आहेच, आपणच ती पाळत नाही.

तुम्ही वाचलेले अमेरिकेचे धोरण याच वळणाचे आहे. तिथे संरक्षण खात्याचा ४१५०.०७ क्रमांकाचा निर्देश आहे आणि आर्म्ड फोर्सेस पेस्ट मॅनेजमेंट बोर्ड हे मंडळ त्यावर तांत्रिक मार्गदर्शन करते. प्रत्येक ठाण्याची लेखी कीडव्यवस्थापन योजना असावी, तिचा एक जबाबदार समन्वयक असावा, फवारणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे आणि कोणते औषध, किती, कुठे, कशासाठी मारले याची नोंद राहावी, हा त्याचा गाभा आहे. १९९३ चा वापर आधार धरून २००० पर्यंत कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्टही त्यांनी ठरवले होते. आपल्या लष्कराचे अंतर्गत आदेश बाहेर प्रसिद्ध होत नाहीत, म्हणून ओळीला ओळ लावून तुलना करणे शक्य नाही. पण कामाच्या जागी जे दिसते ते सारखेच आहे: आधी ओल, फट, उघडे अन्न आणि साचलेले पाणी, आणि शेवटी औषध. कूलर आठवड्यातून एकदा कोरडा करणे आणि टाक्यांत गप्पी मासे सोडणे हेही त्याच क्रमातले. नाशिकच्या बागायतदाराला हे नवे नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हापासून निर्यात करणाऱ्याच्या घरी फवारणीची वही असतेच.

आता दोन औषधांबद्दल जरा थांबून लिहितो, कारण नव्या माणसाचा पाय इथेच घसरतो. डायक्लोरव्हॉसचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला आहे. ढेकूण आणि झुरळे मारण्यासाठी ते जुन्या कारागिरांच्या पेटीत वर्षानुवर्षे असायचे. एका कंत्राटदाराच्या पेटीत अशी अर्धी बाटली फाटकावरच्या तपासणीत निघाली आणि त्याचे सगळे काम तिथेच थांबले. दुसरे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. धान्याच्या गोदामासाठी ते लागते, पण पावसाळ्यातल्या दमट हवेतसुद्धा त्यातून विषारी फॉस्फीन वायू सुटतो. त्याचा वापर फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचा असतो. दारूगोळा आणि विमानाचे इंधन असलेल्या भागांजवळ तापलेल्या नळीतून धूर सोडणारे धुरळणी यंत्र नेण्याचा विचारही करू नका.

माणसांच्या बाबतीत काटकसर करू नका. नियमांनुसार कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने कामगारांची वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि ऑर्गनोफॉस्फरस गटातली (क्लोरपायरिफॉससारखी) औषधे हाताळणाऱ्यांच्या रक्तातले कोलिनेस्टरेज, म्हणजे या औषधांच्या विषबाधेने घटणारे विकर, तपासावे लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर हातमोजे आणि मुखवट्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. छावणीत मात्र मुखवट्याशिवाय आलेल्या माणसाला कामावर उभेच करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

परवान्यासाठी तुमच्याकडे कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान पदवी हवी, आणि त्याबरोबर किमान पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. ते म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील केंद्रीय संस्थेत मिळते, नाशिकमध्ये नाही. तुम्ही पदवीधर नसाल तर पदवीधर तंत्रज्ञ पगारावर ठेवून त्याच्या नावाने प्रशिक्षण करून घ्या, आणि मगच निविदेकडे वळा. गेटपाससाठी सगळ्या माणसांची पोलीस पडताळणी लागते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज प्रशिक्षण चालू असतानाच टाकून ठेवा.