कोर्सच्या आधी निकालपत्रं वाच

अनेक आशीर्वाद.

उपनिरीक्षकाचं प्रोबेशन संपलं, इंदूरमध्ये पोलीस ठाणं मिळालं, आता पुढे कुठले कोर्स करू असं तू विचारलं आहेस. कोर्सचं शेवटी सांगतो, यादी लहानच आहे. त्याआधी एक काम कर. तुझ्याच ठाण्याची, गेल्या दोन वर्षांत आरोपी निर्दोष सुटलेली आठ-दहा प्रकरणं काढ. क्रमांक कोर्ट मुन्शीकडे (ठाण्याचं कोर्टाचं काम पाहणाऱ्या शिपायाकडे) मिळतील, निकालपत्रं ई-कोर्ट्सच्या साइटवर असतात.

ही युक्ती माझी नाही. गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या खटल्यात सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2014 मध्येच राज्यांना सांगून ठेवलंय की, निर्दोष सुटलेल्या प्रकरणांची पोलीस आणि अभियोजन (सरकारी वकिलांच्या) विभागातल्या वरिष्ठांच्या समितीनं छाननी करावी आणि तपासातल्या ज्या चुका निघतील त्यांच्यावरूनच तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवावा. पण समितीचं इतिवृत्त ठाण्यातल्या उपनिरीक्षकाच्या टेबलावर क्वचितच येतं. तेव्हा आपली समिती आपणच.

निकालपत्र पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस. 'विचारणीय प्रश्न', म्हणजे कोर्टानं ठरवायचे मुद्दे, जिथे येतात तिथून सुरू कर. वहीत तीन रकाने आख: कोर्टानं काय मानलं नाही, तो कुठला कागद होता, आणि तो बनवताना काय केलं असतं तर टिकला असता. तिसरा रकाना रिकामा ठेवून पुढे जायचं नाही. 'साक्षीदार फितूर झाला' एवढं लिहून बरेच जण मोकळे होतात. पण साक्षीदार फिरल्यावरही केस उभी राहील असा दुसरा कागद फाइलमध्ये का नव्हता, प्रश्न तो आहे.

चार-पाच निकाल वाचलेस की त्याच त्या चुका दिसू लागतील. जब्तीचा पंचनामा गुन्हा दाखल होण्याआधीचा, आणि त्याच्या माथ्यावर गुन्हा क्रमांक मात्र त्याच शाईत लिहिलेला. बचावाचा वकील एवढ्यावरच सगळा पंचनामा ठाण्यात बसून केल्याचं म्हणतो. सीलचा नमुना पंचनाम्यावर उमटवलेलाच नाही. माल मालखान्यात (ठाण्याच्या जप्त वस्तूंच्या कोठारात) सोमवारी जमा, एफएसएलला (न्यायवैद्यक प्रयोगशाळेला) महिन्याभरानं रवाना, आणि मधल्या काळात तो कुणाच्या ताब्यात होता याची नोंद नाही. रक्ताचा कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, बुरशी आली, तपासणीत काही निघालं नाही. (कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात, आणि डागाशेजारच्या कोऱ्या मातीचा किंवा कापडाचा नमुना वेगळ्या पाकिटात.) सहा साक्षीदारांचे कथन शब्दन् शब्द सारखे. हे शेवटचं तर निव्वळ आळसाचं काम. रामबागेतली आजी मराठीत जे सांगते ते हिंदीत लिहिताना ठाण्याची छापील हिंदी तिच्या तोंडी घालू नकोस. तिला ठाण्यात बोलावूही नकोस. स्त्रिया आणि 60 वर्षांवरचे पुरुष यांच्याकडे, त्यांची स्वतःहून यायची तयारी नसेल तर, आपणच घरी जायचं, असं बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 179 सांगतं.

इंदूरमध्ये तुझा सगळ्यात जास्त संबंध येणार तो कॅमेऱ्यांशी, म्हणून हे जरा सविस्तर. समज, सराफ्यातल्या दुकानाचं फुटेज हवंय. उशीर करू नकोस, हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं लिहीत जातो. किती दिवसांचं उरतं ते डिस्क आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर असतं. काहीही दाबण्याआधी डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि शेजारी आपल्या मोबाइलवरची वेळ, दोन्ही एका फोटोत घे. 'डीव्हीआर 11 मिनिटं पुढे' असं पंचनाम्यात लिही, नाहीतर कॉल डिटेल आणि फुटेज पुढे एकमेकांशी भांडत बसतात. मेक, मॉडेल, सीरियल नंबर, कुठला कॅमेरा, किती ते किती वाजेपर्यंत, सगळं उतरव. फाइल डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये, तिच्या प्लेअरसकट, नव्या पेन ड्राइव्हवर घे. दोन प्रती: एक सीलबंद, एक कामाची. मॉनिटरचं मोबाइलनं शूटिंग करणं ही सगळ्यात प्रचलित आणि सगळ्यात महाग पडणारी पळवाट. फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नकोस. तिथे ती कॉम्प्रेस होते आणि हॅश (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) बदलतो.

हॅश तिथल्या तिथे, दुकानदारासमोर काढ. एसएचए-256 मध्ये 64 अक्षरांची ओळ येते, ती पंचनाम्यात आणि प्रमाणपत्रात तंतोतंत एकच हवी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. भाग अ वर दुकानदाराऐवजी स्वतःच सही ठोकणारे अधिकारी आहेत, तसं करू नकोस. जालन्याच्या अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं, ते जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम 65-ब बद्दल होतं. नव्या कायद्यानं त्यात हॅशची भर घातली.

तू वाचशील ते बहुतेक निकाल 1 जुलै 2024 च्या आधीच्या कायद्यांवरचे असतील. म्हणून वहीत प्रत्येक चुकीपुढे नवं कलम लिही: केस डायरी (तपासाची रोजची नोंद) सीआरपीसीच्या 172 ची बीएनएसएसच्या 192 झाली, मेमोरँडमचं (आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू मिळाल्याच्या नोंदीचं) जुन्या साक्ष्य कायद्यातलं कलम 27 आता नव्याच्या 23 च्या परंतुकात आहे. जिथे जोडीदार कलम सापडणार नाही तिथे थांब, कारण तिथे काम वाढलेलं आहे. झडती-जब्तीचं व्हिडिओ चित्रीकरण हे त्यातलं ठळक: बीएनएसएसच्या कलम 105 नुसार जब्तीची यादी बनवणं आणि तिच्यावर साक्षीदारांनी सह्या करणं, हेही चित्रीकरणात यायला हवं. फक्त कपाट उघडताना कॅमेरा चालू ठेवून भागत नाही.

गोळीबार आणि परेडचा सराव पोलीस लाइनमध्ये होतोच. सीपीआर मात्र दर सहा महिन्यांनी पुतळ्यावर पुन्हा कर: 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 चा वेग.

आता कोर्स. सायट्रेन या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे सायबर गुन्ह्यांचे धडे मोफत आहेत, रात्रपाळीत होतात. पण क्विझ पटापट उरकून प्रमाणपत्रं गोळा करू नकोस. प्रत्यक्ष बसून शिकायला भोपाळची केंद्रीय पोलीस प्रशिक्षण अकादमी जवळची, फॉरेन्सिकसाठी गांधीनगरचं न्यायवैद्यक विद्यापीठ. नॉमिनेशनचं पत्र हमखास उशिरा येतं आणि ज्याच्याविना ठाण्याचं अडत नाही त्याचं नाव जातं. म्हणून वही भरत आली की 'माझ्या ठाण्याच्या अमुक प्रकरणांत डिजिटल पुरावा याच कारणानं पडला' असा एका पानाचा अर्ज टीआय साहेबांकडे (ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकांकडे) आधीच देऊन ठेव. परतल्यावर आठवड्याच्या आत एक चालू विवेचना (तपास) घे आणि शिकलेलं त्या केस डायरीत उतरव. चालान (आरोपपत्र) लावण्याआधी ती फाइल एडीपीओंना (सरकारी अभियोक्त्यांना) दाखव, आणि त्यांनी काढलेल्या खुणा पुसू नकोस.

पेन ड्राइव्ह दहा तरी एकदम घेऊन ठेव. बिल स्टेशनरीत बसतं का ते हेड मोहर्रिरला (ठाण्याच्या मुख्य लेखनिकाला) विचार.

कळावे,
तुझा काका