शोशा मशीनगन खरंच इतकी वाईट होती, की जवानांनी तिची निगा राखली नाही?

तुम्ही विचारलंय की पहिल्या महायुद्धातली फ्रेंच शोशा लाइट मशीनगन सारखी अडकायची, तर नीट साफसफाई केली असती तर ती चालली असती का. साफसफाईचं वाचून जरा चरफडलो. हत्यार अडकलं की पहिला संशय जवानाच्या चिंधीवर, हे मी नोकरीत खूप ऐकलंय. मी आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, बरीच वर्षं ब्रेन एलएमजी (लाइट मशीनगन) खोलण्या-जोडण्यात गेली. शोशा मात्र फक्त संग्रहालयात, काचेआड पाहिलीय. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

ही बंदूक 1915 सालची. फ्रेंचांची हॉचकिस मशीनगन स्टँड सोडूनच 24 किलोंच्या आसपास होती. ती उचलून खंदकाबाहेर पडायचं म्हणजे अवघडच. एका माणसाला पेलेल, चालता चालता झाडता येईल असं काहीतरी हवं होतं. शोशा साधारण 9 किलोंची. ती बनवली ग्लॅडिएटर कंपनीच्या सायकल कारखान्यात. नळ्या, पत्रा आणि लेथवर भरभर उरकणारं काम. अडीच लाखांच्या वर बनल्या, म्हणजे ज्यासाठी काढली ते काम तिने केलं.

आता मॅगझिन. खरा घोळ इथेच. फ्रेंचांचं 8 मिमी लेबेल काडतूस मागे जाड, पुढे निमुळतं, शिवाय बुडाला कडा. अशी 20 काडतुसं एकावर एक रचली की रांग वाकते, म्हणून मॅगझिन अर्धचंद्रासारखं. ते पातळ पत्र्याचं, आणि एका बाजूला चक्क उघडं! किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून. हे टेबलावर बसून सुचलेलं असणार. खंदकात आडवं पडलं की त्याच उघड्या बाजूने चिखल आत. पत्रा दाबला की ओठ वाकले (काडतूस जिथून बाहेर निघतं त्या कडा), आणि ओठ वाकले की गोळी चेंबरकडे (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेकडे) सरळ जात नाही. त्यात स्प्रिंगही कमजोर. म्हणून ती चालवणारे जवान 20 ऐवजी 18-19च भरायचे. आमच्याकडेही 30च्या ब्रेन मॅगझिनमध्ये 28च भरायची सवय होती, स्प्रिंगचा जीव वाचावा म्हणून. देश वेगळा, जमाना वेगळा, पण तोडगा तोच!

म्हणजे इथपर्यंत निगा कामाची होती. मॅगझिन झाकून नेणं, ओठ तपासणं, वाकलेलं मॅगझिन बाजूला काढणं, तेल बेताचं लावणं. मातीत ओलं तेल म्हणजे पॉलिश पेपरच.

पण पुढचा दोष चिंधीने पुसला जाणारा नव्हता. शोशा चालते धक्क्यावर: गोळी सुटली की नळी आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) दोन्ही एकत्र पार मागे जातात, मग नळी आधी पुढे येते, काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर पडतं, आणि नंतर बोल्ट नवी गोळी घेऊन येतो. एवढी मोठी ये-जा, म्हणून वेग मिनिटाला जेमतेम 250 आणि बंदूक हातात नाचते. नळी ज्या आवरणात सरकते तिथे जागा मोजकी. सलग झाडत राहिलं की सगळं तापून फुगतं आणि नळी मागेच अडकून बसते. मग थंड होईपर्यंत वाट पाहायची. समोरचा शत्रू तेवढा वेळ देईलच असं नाही.

ब्रेनमध्ये अशा वेळी दोन सोयी आहेत. नळी तापली तर काही सेकंदांत दुसरी चढवा. गन मळली, सुस्तावली तर गॅस रेग्युलेटर (बोल्ट मागे नेणारा, गोळी सुटताना निघणारा गॅस कमी-जास्त करायची चावी) फिरवून मोठ्या भोकावर आणा, जादा गॅस पिस्टनला ढकलतो. म्हणजे जवान थकणार, हत्यार मळणार, हे रचनेतच धरलेलं. शोशात दोन्ही नाही. तिच्यात माणसाकडे एकच उपाय, थोडक्यात मारा आणि थांबा.

तिची जी भयंकर बदनामी झाली, ती मुख्यतः अमेरिकन आवृत्तीमुळे. फ्रान्समध्ये उतरलेल्या अमेरिकन फौजेला आधी 8 मिमीच्या शोशा मिळाल्या, मग त्यांच्या .30-06 काडतुसासाठी बदललेल्या, 16 गोळ्यांच्या मॅगझिनच्या. या बंदुकांचे चेंबर कारखान्यातच चुकीच्या मापाने कातले गेले होते. गरम झाल्यावर रिकामं खोकं आतच चिकटायचं. चेंबरचं माप चुकलं असेल तर पुल-थ्रू (नळी साफ करायची चिंधी लावलेली दोरी) दिवसातून दहा वेळा ओढला तरी खोकं चिकटणारच. अमेरिकनांची स्वतःची ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल आघाडीवर पोचली ती सप्टेंबर 1918 मध्ये, युद्ध संपायला दोन महिने उरले असताना.